फुंक बासरीची, तालीम गाण्याची

बासरी आपल्याकडे शिल्पांत आहे, पुराणांत आहे, गुराख्याच्या हातात आहे. पण तानपुऱ्याच्या साथीने एकच राग तासभर विस्ताराने मांडणारी मैफलीची बासरी मात्र विसाव्या शतकातली. तिला ही जागा मिळवून दिली ती प्रामुख्याने पन्नालाल घोष यांनी. 1911 साली बारिसालला जन्मलेला हा कलावंत 1960 साली, पन्नाशीही न गाठता गेला. सतार, सरोद, सारंगी यांच्यामागे पिढ्यांची घराणी उभी होती. बासरीवादकाला मात्र ख्याल कसा वाजवावा हे सांगणारा बासरीवादक सापडणे कठीण होते. म्हणून या वाद्याचे मोठे गुरू दुसऱ्या वाद्यांचे आणि गळ्याचे होते. ही त्या काळाची अडचण होती असे आपण मानतो. माझ्या मते बासरीचे मोठेपण याच अडचणीतून आले, आणि आज बासरी शिकवणाऱ्यांनी ते जपले पाहिजे.

पन्नालालांची तालीम पाहा. खुशी मोहम्मद खाँ हार्मोनियमवादक, गिरिजाशंकर चक्रवर्ती गायक आणि 1947 पासून ज्यांच्याकडे ते शिकले ते बाबा अल्लाउद्दीन खाँ सरोदिये. यांपैकी कोणीही बोटे कुठे ठेवायची हे त्यांना सांगितले नसणार. राग कसा उलगडतो, एका स्वरावर किती थांबायचे, हे त्यांनी सांगितले. तो राग बांबूतून काढायचा कसा, हा प्रश्न शिष्याचा होता.

त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वाद्यातच दिसते. गायकाच्या मंद्र सप्तकाचे गांभीर्य आखूड बासरीत येईना, म्हणून त्यांनी लांब आणि रुंद बासरी घेतली. सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन बंद केली की षड्ज येतो, सगळी उघडली की तीव्र मध्यम आणि सगळी बंद केली की पंचम. म्हणजे गळ्यात शेजारी असलेले तीव्र मध्यम आणि पंचम बासरीवर दोन टोकांना जातात. यमनसारख्या रागात या दोन स्वरांमधली मींड गायकाला सहज जमते, पण बासरीवर ती तुटते. पन्नालालांनी करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले आणि ती वाट सलग केली. ज्याच्या कानात आधी गाणे बसले आहे, त्यालाच ही तूट खुपते. बासरीला जे जमते तेवढेच संगीत, असे मानणाऱ्याला त्या छिद्राची गरजच भासली नसती.

दुसरे उदाहरण हरिप्रसाद चौरसिया यांचे. 1938 साली अलाहाबादला पहिलवानाच्या घरी ते जन्मले. त्यांनी आधी गाण्याचे धडे घेतले आणि मग बनारसचे भोलानाथ प्रसन्ना यांच्याकडे बासरी शिकले. 1957 मध्ये ते कटकच्या आकाशवाणीवर नोकरीला लागले आणि पुढे मुंबईला आले. इथल्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत त्यांच्या बासरीला भरपूर काम होते. व्यवसाय म्हणून पाहिले तर तिथेच सगळे काही साधले होते. तरीही ते अन्नपूर्णा देवींच्या दारी गेले. त्या अल्लाउद्दीन खाँच्या कन्या आणि शिष्या, सूरबहार वाजवणाऱ्या, मैफलींपासून कायमच्या दूर झालेल्या, घरीच शिकवणाऱ्या. सतार, सरोद, बासरी अशा निरनिराळ्या वाद्यांचे शिष्य त्यांनी घडवले. पूर्वीचे सगळे बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करण्याची तयारी दाखवण्यासाठी हरिजींनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. नाव झालेल्या वादकाने रियाजाच्या पहिल्या पायरीवर परत जाणे म्हणजे काय, हे ज्याने वाद्य हातात धरले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

या तालमीतून बासरीत आलाप, जोड आणि झाला यांची बांधणी आली. झाल्यासाठी सतारीला चिकारीच्या तारा असतात. बासरीला चिकारी नाही, तिथे फुंकीच्या आघातांनीच लय उभी करावी लागते. सूरबहारचे शिक्षण बासरीत जसेच्या तसे उतरत नाही, आणि न उतरणाऱ्या त्या भागातच शिष्याला स्वतःची वाट काढावी लागते. पन्नालालांनी सातवे छिद्र पाडले, हरिजी सहा छिद्रांवरच राहिले. दोघांची मुळे अल्लाउद्दीन खाँच्या मैहर परंपरेत असूनही बाज वेगळे झाले, कारण गुरूची नक्कल करण्याची सोयच नव्हती.

आता ती सोय आहे. पन्नालालांची परंपरा देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, केशव गिंडे यांच्यामार्फत मुंबई-पुण्यात रुजली. हरिजींनी मुंबईत आणि भुवनेश्वरला वृंदावन गुरुकुल उभे केले, हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात भारतीय संगीताचा विभाग सांभाळला. मैफली भरात असताना त्यांनी शिकवण्याला वेळ दिला, हे मला त्यांच्या पुरस्कारांहून मोठे वाटते. त्यामुळे आज नागपूरच्या किंवा सांगलीच्या मुलालाही बासरीचा गुरू मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. फुंक कशी घालावी, बोटांची पेरे कशी टेकवावीत, अर्धे छिद्र उघडून कोमल स्वर कसा लावावा, हे तज्ज्ञ शिक्षकाकडून शिकल्यावर उमेदीची वर्षे वाया जात नाहीत. हा लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. हरिजींनाही अन्नपूर्णा देवींकडे जाण्याआधी फुंकीचे शिक्षण बासरीवादकाकडूनच मिळाले होते.

पण धोकाही इथेच आहे. बासरीवादकाकडून बासरी शिकणारा, बासरीच्याच ध्वनिफिती ऐकणारा विद्यार्थी हळूहळू फक्त बासरीचे संगीत वाजवू लागतो. लांब श्वास, वेगवान ताना, तबल्याशी सवाल-जवाब, आवडत्या कलावंताच्या हुकमी जागा हे सारे लवकर हाताशी येते आणि टाळ्याही मिळतात. मात्र विलंबित ख्यालात बढत करताना तो अडखळतो, कारण बंदिशीचे शब्द त्याने कधी म्हटलेले नसतात. वाद्याच्या मर्यादा त्याला खुपत नाहीत, आणि मर्यादा खुपल्या नाहीत तर वाद्य पुढे जात नाही.

यावरचा उपाय आपल्याच डोळ्यांसमोर आहे. नित्यानंद हळदीपूर वडिलांकडून पन्नालालांची पद्धत शिकले, चिदानंद नगरकर या गायकाकडे गेले, देवेंद्र मुर्डेश्वरांकडे बसले आणि पुढे अन्नपूर्णा देवींचे शिष्य झाले. त्यांनी फुंक आणि बोटे एका परंपरेची ठेवली, रागाची दृष्टी मात्र अनेक ठिकाणांहून घेतली. हा क्रम अपवाद न राहता शिक्षणाचा नियम व्हावा, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. बासरीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून गायन सक्तीचे असावे. विद्यार्थ्याने बंदिश आधी गावी, मगच वाजवावी. आणि पाया पक्का झाल्यावर गुरूने स्वतः होऊन शिष्याला एखाद्या गायकाकडे, सतारियाकडे, सारंगियाकडे पाठवावे.

हे शेवटचे काम गुरूला जड जाते. शिष्य आपल्यासारखा वाजवू लागला की गुरूला समाधान वाटते, रसिकही त्याच साम्याचे कौतुक करतात. पण पन्नालाल किंवा हरिप्रसाद यांपैकी कोणीही आपल्या मोठ्या गुरूसारखे वाजवत नव्हते, वाजवू शकतच नव्हते. म्हणूनच बासरीला ते इतके काही देऊ शकले. बासरीवादकाची कारकीर्द मोजताना त्याच्या मैफली आणि ध्वनिमुद्रिका मोजाव्यातच. त्यांच्याबरोबर हेही पाहावे की त्याच्या शिष्यांपैकी किती जण त्याच्यापेक्षा वेगळे वाजवतात, आणि ते वेगळेपण रागाच्या समजेतून आले आहे का.