वाटसरूचा हक्क

बर्फाचे आणि आपले नाते फार दूरचे. लग्नातल्या सरबतात घालायचा बर्फ, आणि दूरगावच्या नातेवाइकांसाठी मय्यत थांबवून ठेवायची वेळ आली तर आणलेल्या लाद्या, एवढीच आपली ओळख. आकाशातून पडणारा बर्फ आपल्यापैकी बहुतेकांनी पडद्यावरच पाहिला आहे. तरीही अमेरिकेतील अटलांटा शहरात 28 जानेवारी 2014 रोजी पडलेल्या बर्फाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत. कारण त्या हकीकतीत आपल्या दीनचा एक जुना शब्द दडलेला आहे, जो आपण जकातीच्या हिशेबात दरवर्षी वाचतो आणि वाचून पुढे जातो.

अटलांटा हे जॉर्जिया राज्याच्या राजधानीचे शहर, अमेरिकेच्या दक्षिण भागातले. तिथे थंडी असते, पण बर्फ पाहुण्यासारखा क्वचित येतो आणि लगेच जातो. त्या मंगळवारी दुपारच्या सुमारास तो पडू लागला. पडला तरी किती? अडीच इंचांच्या आसपास, म्हणजे करंगळीच्या लांबीएवढा. उत्तरेकडच्या शहरांत एवढ्या बर्फाला कोणी सुट्टीही देत नाही. अटलांटात मात्र बर्फ दिसताच शाळा सुटल्या, खासगी कचेऱ्या सुटल्या, सरकारी कार्यालयेही सुटली. सगळी एकाच वेळी. सुमारे 55 लाख वस्तीच्या महानगरातील माणसे आपापल्या मोटारी घेऊन एकदम रस्त्यावर आली. चाकांखाली बर्फ वितळला, पुन्हा गोठला आणि रस्त्यावर काचेसारखा थर बसला. मोठमोठे ट्रक घसरून आडवे झाले. बर्फावर मीठ आणि वाळू टाकणाऱ्या गाड्या त्याच कोंडीत अडकल्या. अर्ध्या तासाच्या वाटेला कुणाला दहा तास लागले, कुणाला अठरा. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काहींनी तर शाळेच्या बसमध्ये. हजाराहून अधिक अपघात झाले. दोन हजारांहून अधिक मोटारी लोकांनी रस्त्यात सोडून दिल्या आणि ते पायी निघाले. अशाच कोंडीत एका मोटारीत एक मुलगी जन्माला आली. सुईण म्हणून मदतीला होता एक पोलीस.

आता दोष कुणाचा? दुपारी मुलाला आणायला निघालेली आई चुकली असे कोण म्हणेल? मुलांना लवकर घरी पाठवणारे मुख्याध्यापक चुकले नाहीत, कामगारांना सोडणारा मालकही चुकला नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता नेक निर्णय घेतला आणि सगळ्यांनी मिळून रस्ता बंद केला. नैतिक प्रश्नाची ही बाजू आपण सहसा पाहत नाही. गुन्हेगार एक असेल तर आपल्याला निवाडा करता येतो. जिथे सगळेच निर्दोष आहेत आणि तरीही लहान मुले रात्रभर थंडीत बसून आहेत, तिथे बोट कुणाकडे दाखवायचे हे कळत नाही, आणि मग आपण 'निसर्गाचा कोप' म्हणून मोकळे होतो.

त्या रात्री दुसरीही एक गोष्ट घडली. हमरस्त्याच्या कडेला राहणारी माणसे थर्मास, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटे घेऊन मोटारींच्या रांगांत उतरली. चर्चची दारे उघडली गेली. 'होम डेपो' या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांनी शटर न ओढता अडकलेल्यांना रात्रभर आत झोपू दिले. शिक्षक मुलांपाशी शाळेत थांबले. अनोळखी माणसे अनोळखी माणसांच्या गाड्या ढकलत होती.

यात नवल ते काय, असे वाचक विचारतील. आपत्तीत माणुसकी जागी होते, हे आपण ऐकत आलो आहोत. पण जरा बारकाईने पाहा. ज्यांना ती बिस्किटे मिळाली ते गरीब नव्हते. त्यांच्याकडे मोटार होती, खिशात बँकेचे कार्ड होते, पाच-दहा मैलांवर गरम घर होते. सकाळी त्यांना कुणी 'गरजू' म्हटले असते तर त्यांना राग आला असता. संध्याकाळी त्याच माणसांना एका घोट पाण्यासाठी मोटारीची काच खाली करून अनोळखी माणसाकडे पाहावे लागले. मिळकत तीच, माणूस तोच; मधला रस्ता तेवढा तुटला होता.

या माणसासाठी आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून एक शब्द आहे: 'इब्नुस्सबील'. इब्न म्हणजे पुत्र, सबील म्हणजे वाट. वाटेचा पुत्र. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यांत हा शेवटचा. फुकहांनी त्याची जी व्याख्या केली ती विचार करायला लावणारी आहे. मुसाफिर आपल्या घरी कितीही श्रीमंत असो, प्रवासात त्याचा माल त्याच्या हाती येत नसेल तर त्याला जकात घेता येते. म्हणजे गरिबी ही केवळ जमात नाही, ती एक जागाही आहे. त्या जागेवर कोणीही, कधीही, दुपारच्या बारा वाजता येऊन उभा राहू शकतो.

शिवाय सूरह बनी इस्राईलमध्ये नातेवाईक, मिस्कीन आणि वाटसरू यांना जे द्यायला सांगितले आहे त्यासाठी शब्द आला आहे 'हक'. दया किंवा उपकार नव्हे. आपल्या मोहल्ल्यांत मुहर्रमला पाण्याची, सरबताची 'सबील' लागते. वाटेचाच तो शब्द फिरत फिरत आपल्याकडे माठ आणि पेल्यापाशी येऊन थांबला. शेजारच्या हिंदू वस्तीत उन्हाळ्यात पाणपोई लागते, तिचाही रिवाज हाच. सबिलीवर पाणी पिणारा कधी हात जोडत नाही. तो पितो, पेला ठेवतो आणि जातो. पाजणाराही त्याचे नाव विचारत नाही.

हक्क आणि उपकार यांतला फरक इथे आहे. उपकार घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, हक्क घेणाऱ्याला लागत नाही. उपकार करणारा पात्र माणूस निवडू शकतो. हक्क देणाऱ्याला निवड नसते. समोर जो उभा आहे त्याचा तो असतो. तिसरा फरक अधिक महत्त्वाचा: उपकार झाला नाही तर कुणाला विचारता येत नाही, हक्क बुडाला तर जाब विचारता येतो.

पण शब्द आपल्या किताबात आहे म्हणून तो आपल्या हातून पाळला जातो असे नाही. 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फाच्या वादळात हजारो मोटारी अडकल्या. 7 आणि 8 जानेवारीच्या दरम्यान किमान 22 माणसे आपल्या मोटारींतच मेली, त्यांत लहान मुले होती. मोटारी बर्फात गाडल्या गेल्या, धूर बाहेर पडायची वाट बंद झाली, आणि ऊब मिळावी म्हणून चालू ठेवलेल्या इंजिनाचा विषारी वायू आत भरला. मरीला बर्फ नवा नाही. लोक तिथे बर्फ पाहायलाच जातात. त्या दिवसांत काही हॉटेलवाल्यांनी खोल्यांचे भाडे कैक पटींनी वाढवल्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारने काही हॉटेलांना टाळेही ठोकले. स्थानिक लोकांनी घरे उघडली, अन्न आणि पांघरुणे दिली, हेही खरे. पण ज्या गावात रोज पाच वेळा अजान होते तिथे वाटेच्या पुत्राच्या खोलीचा भाव वाढवला गेला, ही गोष्ट आपण मान खाली घालूनच वाचली पाहिजे. सूरह माऊनमध्ये नमाज पढूनही वापरायच्या किरकोळ वस्तू नाकारणाऱ्यांची खरडपट्टी आहे. आपण ती सूरह लहान म्हणून लवकर पाठ करतो.

मग जाब कुणाला विचारायचा? हजरत उमर (र.) यांच्याविषयी सांगतात की, इराकच्या वाटेवर एखादे खेचर ठेचकाळले तरी रस्ता नीट का केला नाही म्हणून अल्लाह आपल्याला विचारील, अशी त्यांना धास्ती होती. खेचराची ही गोष्ट आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि डोळे पुसतो. अटलांटात राज्याचे गव्हर्नर नेथन डील यांनी पुढच्या दोन दिवसांत जनतेची माफी मागितली आणि जबाबदारी आपली असल्याचे सांगितले. महापौर कासिम रीड यांनी सगळ्यांना एकाच वेळी सोडणे ही चूक होती हे कबूल केले. आधी शाळा, मग खासगी कचेऱ्या, मग सरकारी कार्यालये अशा क्रमाने सोडायला हवे होते. आधी एकमेकांवर ढकलाढकलीही झाली, कारण शहरातून जाणारे हमरस्ते राज्याचे, गल्ल्या नगरपालिकेच्या. तरी दोनच आठवड्यांनी पुन्हा बर्फाचा इशारा मिळाला तेव्हा शाळा आणि कचेऱ्या आधीच बंद ठेवल्या गेल्या, आणि अटलांटाचे रस्ते रिकामे राहिले. शेजाऱ्याने दिलेला चहा चांगलाच. पण वाटसरूला चहाची गरज पडू नये अशी व्यवस्था करणे हाही त्याचाच हक्क आहे. रस्त्यातून त्रास देणारी वस्तू बाजूला करणे ही नेकी आहे, असे आपल्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी शिकवले. ती वस्तू कधी दगड असते, कधी काटा असतो, कधी चुकीचे वेळापत्रक असते.

कधी ती वस्तू त्याहून मोठी असते. अटलांटाची माणसे एवढी मोटारींवर अवलंबून का? याला बरीच कारणे आहेत, पण एक कारण आपल्या ओळखीचे आहे. 1965 आणि 1971 मध्ये झालेल्या मतदानांत शहराभोवतीच्या काही काऊंटींनी 'मार्टा' या सार्वजनिक वाहतुकीच्या योजनेत यायला नकार दिला. कराचा प्रश्न होता. पण शहरातले कृष्णवर्णीय गाडीत बसून आपल्या गोऱ्या वस्तीत येतील, ही भीतीही होती, असे तिथलेच अभ्यासक लिहितात. मार्टिन ल्यूथर किंग ज्या शहरात जन्मले, त्या शहराची ही गोष्ट. दुसरा शेजारी नको म्हणून वस्त्या पांगल्या, रेल्वे थांबली, मोटारी वाढल्या. आणि 2014 च्या त्या रात्री ज्याला शेजारी नको होता आणि जो शेजारी नको होता, ते दोघे एकाच बर्फात मागेपुढे उभे राहिले.

इथे आम्हाला आपली 26 जुलै 2005 आठवते. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. बंद मोटारींत गुदमरून माणसे गेली. आम्ही त्या रात्री कंबरभर पाण्यातून लालबहादूर शास्त्री मार्गाने घराकडे चाललो होतो. कुर्ल्याच्या पुढे एका चाळीच्या जिन्यावर एक वयस्कर बाई स्टोव्ह पेटवून बसली होती. "आधी चहा घे बाळा, मग जा पुढं," एवढेच ती येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती. तिने आमचे नाव विचारले नाही, आम्ही तिचे विचारले नाही. ती कोण होती ते आजही ठाऊक नाही.

पुढे काही वर्षांनी आम्ही त्याच भागात भाड्याने जागा पाहत होतो. दलालाने खोल्या दाखवल्या, भाडे ठरले, अनामत ठरली. मग त्याने नाव विचारले. नाव ऐकून तो थोडा थांबला आणि म्हणाला, "साहेब, मालकांना विचारून सांगतो." संध्याकाळी निरोप आला की जागा गेली. असा निरोप ज्याला आला नाही असे घर आपल्यात विरळा. 1992-93 नंतर मुंब्र्यात इतकी कुटुंबे का गेली, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मात्र प्रश्न एकाच बाजूचा नाही. आपण काय विचारतो? फिरका कोणता, बिरादरी कोणती, असे आपणही विचारतोच. आपल्या किती मोहल्ल्यांत दलित कुटुंबाला सहज खोली मिळते? पाणी चढले की आपल्या मशिदींचे वरचे मजले सगळ्यांना उघडे असतात. पाणी ओसरले की आपल्याही तोंडात नावाचा प्रश्न येतो.

म्हणून 'आपत्तीत माणुसकी दिसली' एवढ्यावर समाधान मानणे आम्हाला पटत नाही. एका रात्रीची माणुसकी खोटी नसते. त्या बाईचा चहा खरा होता, अटलांटातल्या दुकानाचे उघडे शटर खरे होते. पण ज्याला रात्री वाटेवर हक्क आहे, त्याला दिवसा वस्तीत तो का नाही? पैगंबरांनी तर आपल्याला या दुनियेत मुसाफिरासारखे राहायला सांगितले. तसे असेल तर घरमालक आणि भाडेकरू, मोटारवाला आणि पायी चालणारा, सगळेच वाटेवर आहेत; कुणाची वाट तुटली आहे, कुणाची अजून तुटलेली नाही.

पुढच्या मुहर्रमला आपल्या गल्लीत सबील लागेल. पेला भरून पुढे करताना आपण कुणालाही नाव विचारणार नाही. तो हात तसाच ठेवून, घराची किल्ली देतानाही तो प्रश्न गिळता येतो का, हे आपण एकदा करून पाहायला हवे.