विश्वासाची ठेव

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलं आहे. कुठल्या दारातून काय आत येतं, काय बाहेर जातं यावर लक्ष ठेवायचं, हे आपण सत्संगात कितीदा ऐकलंय. आता आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल नावाचं आणखी एक दार आलं आहे. ते रात्रंदिवस सताड उघडं असतं आणि त्यातून बाहेर काय जातंय ते आपल्याला दिसतही नाही.

साधं टॉर्चचं अ‍ॅप घ्या. अमेरिकेत ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं असं फुकटचं अ‍ॅप कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं. फोन कुठे आहे ही माहिती ते जाहिरातवाल्यांना पाठवत होतं, तेही ‘मान्य आहे का’ याचं उत्तर मिळण्याआधीच! २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे उघड केलं. लोकांनी मागितला उजेड आणि देऊन बसले घरचा पत्ता.

यावर आपण पटकन म्हणतो, “आमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?” पण नैवेद्य दाखवताना आपण पडदा ओढतोच ना? गुरुमंत्रही कानातच दिला जातो. जे मोलाचं, ते आपण झाकून जपतो. त्यात लाज कसली?

आणि प्रश्न एकट्या आपला नाहीच. अ‍ॅप ‘कॉन्टॅक्ट्स’ मागतं, आपण ‘अलाउ’ दाबून मोकळे होतो. त्या यादीत मावशी असते, विहीणबाई असतात, डॉक्टर, घरकामाच्या ताई, आपले सेवेकरी, सगळे असतात. त्यांनी नंबर दिला तो आपल्यावरच्या विश्वासाने. ती त्यांची ठेव आहे. दुसऱ्याची ठेव न विचारता परक्याच्या हाती देणं अस्तेय व्रतात कसं बसेल?

झटपट कर्ज देणाऱ्या काही अ‍ॅप्सनी आपल्याच देशात काय केलं ते आठवा. कर्जदाराच्या फोनमधली यादी उचलली आणि त्याच्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना धमक्या, घाणेरडे मेसेज पाठवले. काहींनी त्या छळापायी जीव दिला. शेवटी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अ‍ॅप्सना कॉन्टॅक्ट्स घ्यायला मनाई केली. पण नियम न जुमानणारे आहेतच.

आपल्या फॅमिली ग्रुपचंही तसंच. ‘लग्नपत्रिका’ म्हणून एक फाइल येते, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसून अ‍ॅप असतं. कुणी ते उघडून इन्स्टॉल केलं की बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात, आणि तीच ‘पत्रिका’ त्यांच्या नावाने सगळ्या नातलगांना जाते. काकांच्या नावाने आली म्हणून आपणही निर्धास्तपणे उघडतो. विश्वासाच्या वाटेनेच चोर आत शिरतो.

म्हणून येत्या एकादशीला फोनचाही थोडा उपास करू या:

१) सेटिंग्जमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, माइक आणि कॅमेरा कुठल्या अ‍ॅपला दिलाय ते पाहावं. गरज नसेल तिथे बंद करावं.
२) महिनोन्महिने न वापरलेली अ‍ॅप्स काढून टाकावीत.
३) व्हॉट्सअ‍ॅपला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा पिन लावावा.
४) दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो, कुणाचा नंबर किंवा आजारपण विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. सत्संगाचे फोटोही त्यात आले.
५) फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावं.

घरातल्या आजी-आजोबांना हे जमणार नाही. मुलांनी, सुनांनी शेजारी बसून, न रागावता करून द्यावं. तीही सेवाच आहे.

गुरुमाउली आपल्या सर्वांना विवेक देवो.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥