खसखशीच्या दाण्याचा दोष

दिवाळीच्या अनारशावर जी खसखस आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लाविली जाते, ती अफूच्या झाडाचें बीं आहे, ही गोष्ट सुशिक्षित गृहस्थांस ठाऊक असते, पण सहसा आठवत नाहीं. आठवण्याचें कारणही पडत नाहीं. त्या दाण्यांत गुंगी आणणारें द्रव्य जवळ जवळ नसतेंच. जें थोडें आढळतें तें बहुधा बोंडाचा चीक वरून लागल्यामुळें. म्हणूनच १९६१ सालीं न्यूयॉर्क येथें झालेल्या अमली द्रव्यांविषयींच्या आंतरराष्ट्रीय करारानें अफूच्या कापलेल्या झाडाचे इतर सर्व भाग नियंत्रणाखालीं आणिले, पण बीं वगळलें. आणि आमच्या १९८५ च्या कायद्यानेंही तोच अपवाद ठेविला. कायद्याच्या दृष्टीनें दाणा निर्दोष ठरला.

असें असतां १९९९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेनें ठराव करून सर्व राष्ट्रांस सांगितलें कीं, ज्या देशांत अफूचें पीक त्या करारास अनुसरून घेतलें जातें त्याच देशांतून खसखस आयात करावी, आणि शक्य तेथें ती कोणत्या देशांत पिकली याचा दाखला निर्यात करणाऱ्या देशाकडून घ्यावा. भारतांतही परदेशची खसखस आणणाऱ्या व्यापाऱ्यास आपल्या सौद्याची नोंद ग्वाल्हेर येथील केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोकडे करावी लागते. येथें विचारी मनुष्यास अडचण पडते. दाणा जर निर्दोष, तर त्याच्या कुळाची चौकशी कशास? बापाच्या अपराधासाठीं मुलास दंड करणें आम्ही अन्यायाचें मानतों. मग शेताच्या अपराधासाठीं बियास वाळींत टाकणें न्यायाचें कसें?

आमच्या जुन्या ग्रंथांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. महाभारताच्या वनपर्वांतील मिथिलेचा धर्मव्याध मांस विकी. पण आपण स्वतः प्राणी मारीत नाहीं, दुसऱ्यांनीं मारलेल्यांचें मांस विकतों, असें तो कौशिक ब्राह्मणास सांगतो. मनुस्मृतीचा पांचवा अध्याय मात्र असें बोलणें चालूं देत नाहीं. मारण्यास अनुमति देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, या सर्वांसच तो घातक म्हणतो. एकाची दृष्टि आपल्या हाताच्या स्वच्छतेकडे आहे. दुसऱ्याची, ज्या साखळीनें सुरी चालते त्या साखळीकडे. व्याधाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खाणाराच नसता तर मारणाऱ्यानें सुरी उचलली नसती, हें मनूचें मर्म टाळतां येत नाहीं.

आतां तीच कसोटी अफूच्या शेतास लावून पाहूं. हिरव्या बोंडास चिरा पाडल्या म्हणजे चीक पाझरतो. तो खरवडून घेतला कीं ती अफू. पुढें बोंड वाळतें आणि त्यांतून खसखस निघते. एकाच बोंडाचीं हीं दोन उत्पन्नें. माळव्यांत नीमच-मंदसोरकडे ज्या शेतकऱ्यास चीक काढण्याचा परवाना असतो, त्यास आपल्या वाफ्यांतील सर्व चीक सरकारी कांट्यावर मोजून द्यावा लागतो. खसखस मात्र त्याची स्वतःची, ती तो बाजारांत विकतो. दिलेल्या चिकापासून पुढें मॉर्फीन, कोडीन यांसारखीं औषधें होतात आणि रोग्यांच्या वेदना शमतात. ब्रह्मदेशाच्या शान डोंगरांतही झाड तेंच आणि दाणाही तोच. परंतु तेथील चीक कोणापाशीं गेला याचा जाब द्यावयास कोणी नाहीं, आणि त्याचा शेवट पुष्कळदां हेरॉइनमध्यें होतो.

यावरून आमच्या अडचणीचें उत्तर निघतें. आयातीच्या वेळीं जो दाखला मागितला जातो, त्यावर नांव दाण्याचें असलें तरी साक्ष चिकाची असते. दाण्यास शिक्षा कोणीच करीत नाहीं. ‘ज्या बोंडांतून हे दाणे निघाले त्यांच्या चिकाचें काय झालें?’ एवढाच प्रश्न ग्राहक विचारतो, आणि पैसे देणाऱ्यास तो विचारण्याचा अधिकारच काय, कर्तव्यही आहे.

हें कर्तव्य आम्ही एकदां चुकविलें आहे. एकोणिसाव्या शतकांत माळव्यांतील शिंदे-होळकरांच्या व इतर संस्थानांत पिकलेली अफू मुंबईच्या बंदरांतून चीनला जाई. कंपनी सरकार पेटीमागें पासाचा कर घेई. व्यापारी श्रीमंत होत. त्या धनाचा मोठा वांटा मुंबईच्या वैभवांत व धर्मादायांतही आहे. आम्ही ओढीत नाहीं, केवळ पाठवितों, अशी त्या वेळच्या सभ्य माणसांची समजूत होती. १८३९ ते १८४२ या वर्षांत याच मालासाठीं चीनवर तोफा चालल्या. धर्मव्याधाच्या शब्दांचें एवढें महाग रूप दुसरें आढळणें कठीण.

तथापि येथेंच थांबलों तर आम्ही अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. अफगाणिस्तानांत २०२२ च्या एप्रिलांत अफूच्या लागवडीस बंदी झाली, आणि त्या वर्षीं २,३३,००० हेक्टर असलेलें क्षेत्र २०२३ सालीं १०,८०० हेक्टरांवर आलें, असें संयुक्त राष्ट्रांचे आंकडे सांगतात. त्याच वर्षीं ब्रह्मदेश अफूच्या उत्पादनांत जगांत पहिला झाला. एका देशांत विळा चालला तेव्हां तेथील गरीब कुळाचें रोकड पीक गेलें. जगाची तृष्णा मात्र गेली नाहीं. डोंगरांतील शेतकऱ्याची खसखस आम्ही नाकारतों, तेव्हां त्याच्या दोन उत्पन्नांपैकीं निष्पाप उत्पन्नच प्रथम बंद करितों. पापाच्या उत्पन्नास गिऱ्हाईक आहेच, आणि तें दाखला मागत नाहीं.

म्हणून नियंत्रण सोडावें काय? आमचें मत तसें नाहीं. त्या दाण्यासाठीं दिलेला पैसा त्याच शेतास पोसतो, हें कळल्यावर डोळे मिटून घेणें शहाण्या माणसास शोभत नाहीं. परंतु नकार देणारा हात तेवढ्यानें पवित्र होत नाहीं. ज्या शेतकऱ्याची खसखस घ्यावयाची नाहीं, त्याचा चहा, कॉफी, अक्रोड कोणी तरी योग्य भावानें घेतला पाहिजे. डोंगरांतून बाजारापर्यंत रस्ता झाला पाहिजे. हें ज्या राष्ट्रांस करावयाचें नाहीं त्यांनीं केवळ दाखल्यावर शिक्का मारून नीतीचा अभिमान मिरवूं नये.

यंदा अनारसे थापतांना घरांतील मुलानें ‘ही खसखस कोठून आली?’ असें विचारलें, तर त्यास वाण्याचें दुकान दाखवून गप्प करूं नये. दुकानामागें शेत असतें, आणि शेतांत मनुष्य असतो. त्या दोहोंची चौकशी करण्याची संवय लागली, तर खसखशीपुरतीच नव्हे, बाजारांतून घरीं येणाऱ्या प्रत्येक जिनसेपुरती ती उपयोगी पडेल.