मेन्यूकार्डावर किंमत नव्हती



२०१७ साली आम्ही चार धर्मगुरू मिळून उत्तर भारतात फिरायला गेलो होतो. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो ही साधी गोष्ट चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हती आणि आम्ही आग्र्याला पोहोचलो तो नेमका शुक्रवार. (सेमिनरीतील तत्त्वज्ञानाची पदवी प्रवासात फारशी कामाला येत नाही!) दुपार मोकळी होती म्हणून फतेहाबाद रोडवरील 'शीरोज हँगआउट' नावाच्या कॅफेत गेलो. चहा आणि सँडविच मागवले. मेन्यूकार्डावर पदार्थांची नावे होती, किंमत नव्हती. तुम्हाला योग्य वाटेल ते द्या, अशी तिथली पद्धत.

आम्ही पाचशेची नोट ठेवली आणि मनातून जरा बरे वाटले. तेव्हा सोबतचे एक फादर हळूच म्हणाले, "फादर, हाच चहा वसई स्टेशनबाहेर घेतला असता तर पाचशे दिले असते का?"

अर्थातच दिले नसते. मग जे वरचे पैसे दिले ते कशाचे? हा प्रश्न इतकी वर्षे आमच्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता सुट्टीत लांबलांबच्या सहली करतात, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवावासा वाटला.

ज्या स्त्रियांच्या तोंडावर कुणीतरी ॲसिड फेकले, अशा स्त्रियांनी चालवायचे म्हणून हे कॅफे डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. 'स्टॉप ॲसिड अटॅक्स' या मोहिमेतील मंडळींनी, म्हणजेच छांव फाउंडेशनने, ते उभे केले. त्याआधीच्या वर्षी, २०१३ मध्ये, दोन गोष्टी घडल्या होत्या. ॲसिड हल्ल्यासाठी किमान दहा वर्षांच्या शिक्षेचे स्वतंत्र कलम कायद्यात आले (२०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १२४ म्हणून आहे), आणि लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या विक्रीवर बंधने घालून पीडितांना किमान तीन लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. पण शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया कराव्या लागतात, तिथे तीन लाख कितीसे पुरणार? आणि भाजलेला चेहरा घेऊन गेल्यावर नोकरी कोण देणार?

जागा आग्र्याची निवडली, यालाही अर्थ आहे. जगभरचे लोक तिथे येतात. मात्र ताज पाहायला आलेल्या माणसाचा पैसा आग्र्याच्या गल्लीत उतरतोच असे नाही. २०१२ साली यमुना एक्सप्रेसवे झाल्यापासून सकाळी दिल्लीहून निघायचे, ताज पाहायचा आणि रात्री दिल्लीला परतायचे हे सहज जमते. मधला वेळ ड्रायव्हर कमिशन देणाऱ्या दुकानात घालवतो. संगमरवराचा छोटा ताज घेऊन पाहुणा घरी जातो. त्या शहरातील माणसाशी तो दोन वाक्येही बोललेला नसतो. कॅफेत निदान कुणीतरी चहा आणून देते, बोलते, आणि बिलाचे पैसे तिच्या पगारात जातात.

आता पाचशेच्या नोटेकडे वळू. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक भेद सांगितला आहे. ज्याच्या जागी दुसरे काही चालते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. चहाला किंमत असते, चहा देणारीला प्रतिष्ठा. आमची गफलत झाली ती इथे, असे आज वाटते. चहाची किंमत लिहिलेली नव्हती, तेव्हा आम्ही नकळत चेहऱ्याची किंमत ठरवली. तिच्या दुःखाकडे पाहिले आणि नोट मोठी केली. दुकानातून आम्ही गिऱ्हाईक म्हणून बाहेर पडायला हवे होते, दाते म्हणून बाहेर पडलो.

यावर कुणी म्हणेल की मग ही कॅफेच चुकीची. ती माणसाचे दुःख पर्यटकांपुढे मांडतात. हा आक्षेप हलका नाही. कंबोडियात काय झाले ते पाहा. तिथे पर्यटक अनाथाश्रमांना भेटी देऊ लागले, मुलांबरोबर खेळून, फोटो काढून देणगी देऊ लागले, आणि पर्यटकांबरोबर अनाथाश्रमही वाढत गेले. पुढे दिसून आले की त्यांतील बहुसंख्य मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात होते. दयेला मागणी आली आणि अनाथ पुरवले गेले. त्याच देशात नॉम पेन्ह शहरात १९९४ पासून काम करणाऱ्या एका संस्थेने 'फ्रेंड्स' नावाचे रेस्टॉरंट चालवले. रस्त्यावरची मुले तिथे स्वयंपाक आणि वाढपीकाम शिकली. मुले ही पाहण्याची स्थळे नव्हेत, असे पर्यटकांना बजावणारी मोहीमही याच संस्थेने काढली. दोन्हीकडे पैसा पर्यटकाचाच. पण आश्रमातील मुलाकडे विकायला स्वतःशिवाय काही नव्हते. रेस्टॉरंटमधील मुलाकडे ताटलीत वाढलेले जेवण होते.

आग्र्याची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. ॲसिड फेकणाऱ्याला त्या स्त्रीने कधीच कुणाच्या नजरेस पडू नये असे वाटत होते. समाजही तिला तेच सांगतो, फक्त प्रेमाने: ओढणी घे, घरात बस. तेव्हा रहदारीच्या रस्त्यावर उघड्या चेहऱ्याने काउंटरमागे उभे राहणे, हे तिने दिलेले उत्तर आहे. आपली कहाणी सांगायची की नाही, कुणाला आणि किती, हे ती ठरवते. ती न विचारता कॅमेरा पुढे करणारा पर्यटक मात्र अनाथाश्रम पाहायला जाणाऱ्यांच्याच रांगेत बसतो.

बाराव्या शतकातील मायमोनिदीस या ज्यू विचारवंताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची कोणती? माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन हात पसरण्याच्या गरजेतूनच सोडवणे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या आपल्या परिपत्रकात पर्यटनाचाही विचार केला आहे, आणि केवळ नफ्यासाठी नसलेल्या, तरीही बाजारात उभ्या राहणाऱ्या उद्योगांचाही. बाजारात उभे राहायचे म्हणजे बाजाराचे नियम आलेच. चहा गार आला तर? बिचाऱ्या, असे म्हणून आपण गप्प पिणार. आमच्या मते तो परत पाठवावा. गार चहाची तक्रार आपण बरोबरीच्या माणसाकडेच करतो.

आणि बाजार रुसतोही. १७ मार्च २०२० ला ताज बंद झाला तो २१ सप्टेंबरला उघडला. सहा महिने त्या रस्त्याला पाहुणा नाही. ज्यांची चूल पर्यटकावर पेटते त्या सर्वांनाच हा धोका असतो, मग ते टांगेवाले असोत की कॅफेवाल्या. केवळ कॅफे काढून प्रश्न सुटतो असे आम्ही म्हणणार नाही.

दूरचे बोललो, आता जवळचे. त्या सहलीवरून परतल्यावर एका रविवारी संध्याकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मुंबईची गर्दी रिसॉर्टमध्ये शिरत होती. बाहेर एक बाई शहाळी विकत होती. तिने चाळीस सांगितले. आमच्या तोंडून सवयीने "पस्तीसला दे" निघाले, आणि लगेच आग्र्याची नोट आठवली. परक्या गावात पाचशे देऊन मोठे झालो होतो आणि आपल्याच किनाऱ्यावर पाच रुपयांसाठी हुज्जत घालत होतो. ओशाळून पन्नासची नोट दिली आणि राहू दे म्हणालो.

तिने मलई काढून दिली, कमरेच्या पिशवीत हात घातला आणि दहाची नोट आमच्या हातावर ठेवली. "फादर, चाळीसच झाले," एवढे म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.