लिंबूटिंबूचा नेम

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कुणाचा धाकटा भाऊ खेळायला आला की त्याला ‘लिंबूटिंबू’ ठरवतात. त्याला बॉल हळू टाकायचा, आउट झाला तरी आउट द्यायचं नाही. यात कुणावर अन्याय होत नाही, कारण सवलत सगळ्यांसमोर ठरलेली असते. कन्सोलवरच्या शूटर गेम्समधलं एम-असिस्ट हीसुद्धा अशीच सवलत. पण खेळताना ती समोरच्याला दिसत नाही आणि ज्याला मिळते त्यालाही अनेकदा जाणवत नाही.

ती लागते का? लागते. माउस जेवढा सरकवाल तेवढाच नेम सरकतो. कंट्रोलरची स्टिक ढकलली की मात्र नेम फिरायला लागतो आणि सोडेपर्यंत फिरतच राहतो. म्हणजे माउसने तुम्ही जागा ठरवता, स्टिकने वेग. शिवाय माउसमागे अख्खा हात असतो, स्टिकवर फक्त अंगठा. म्हणून १९९७च्या ‘गोल्डनआय ००७’मध्ये गेम स्वतःच नेम जुळवून द्यायचा. २००१च्या ‘हेलो’ने तेच काम फार सफाईने केलं. शत्रूवर आलेला नेम किंचित जड व्हायचा, थोडक्यात हुकणारी गोळी जराशी वळायची. खेळणाऱ्याला वाटायचं, हात बसला आपला!

तोवर भांडायचं कारण नव्हतं. समोरचाही अंगठ्यानेच खेळत होता. कॅरमबोर्डवर पावडर टाकली तर सोंगट्या दोघांच्याही घसरतात. पण २०१९च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ने आणि पुढच्या वर्षी आलेल्या ‘वॉरझोन’ने क्रॉसप्लेमधून पीसीवाले आणि कन्सोलवाले एकाच मैदानात आणले. आता एकाची पावडर दुसऱ्याला मिळत नव्हती. एम-असिस्ट किती जोराचं असावं हा आकडा ठरवणं म्हणजे कुणाच्या बाजूने माप किती झुकवायचं हे ठरवणं झालं.

यातला एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. शत्रूवरून जाताना नेमाचा वेग कमी होणं ही एक मदत. ती स्टिकचा अडथळा कमी करते, नेम अजून तुम्हालाच धरायचा असतो. पण ‘रोटेशनल’ प्रकारात शत्रू बाजूला पळाला की नेम थोडा आपोआप त्याच्यामागे वळतो. माणसाला दिसल्यापासून हात हलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. सॉफ्टवेअरला तो लागत नाही. पहिली मदत परीक्षेला बसणाऱ्याला चष्मा देण्यासारखी आहे, दुसरी त्याच्या पेपरातली दोन उत्तरं लिहून देण्यासारखी.

पीसीवाले लगेच माना डोलावतील. त्यांनी जरा थांबावं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ही विकत घेतलेली मदतच आहे, फक्त तिला कुणी मदत म्हणत नाही. ‘निव्वळ कौशल्य’ असं काही हातात घेऊन कुणीच खेळायला येत नाही. आपण फोनवर बीजीएमआय खेळतो तेव्हाही सेटिंगमध्ये एम-असिस्ट असतंच. पाच बोटांचा क्लॉ आणि जायरोस्कोपच्या बढाया मारताना ते बटण कुणाला आठवतं?

आणि एकट्याने खेळताना हा वाद उरतच नाही. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ (२०२०) मध्ये ज्यांना हाताने नेम धरणं अवघड आहे त्यांच्यासाठी तो आपोआप शत्रूवर बसवायची सोय आहे. तिथे हरणारा दुसरा माणूसच नाही. कुणी नाक मुरडलं तर तो फक्त तुसडेपणा.

खरी चीड येते ती वेगळ्याच मंडळींची. बाजारात अशी अडॅप्टर मिळतात की माउस जोडला तरी कन्सोलला तो कंट्रोलर वाटतो. मग हात अख्खा आणि वर अंगठ्यासाठी ठेवलेली मदतही! मिशा फुटलेल्या दादाने ‘मी लिंबूटिंबू’ म्हणत क्रीजवर उभं राहावं, तसं. २०२३मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने ‘कॉल ऑफ ड्युटी’त अशा उपकरणांवर कारवाई सुरू केली ते बरंच झालं.

‘ओव्हरवॉच’ने २०२१मध्ये क्रॉसप्ले आणताना सरळ मार्ग घेतला होता. पीसीवाल्यांसोबत खेळायचं असेल तर कन्सोलवाल्यांचं एम-असिस्ट बंद, आणि रँकिंगचे सामने दोघांचे वेगळे. मित्रांची जोडी त्यामुळे कधी तुटते, हे खरं. पण सामना सुरू होण्याआधी प्रत्येकाला माहीत असतं की आज गोळी लागली तर ती कोणाच्या नेमाने लागली.