जामीन आणा

राणी लक्ष्मीबाईंच्या चरित्रांत एक हकिकत येते. पुढच्या लढायांच्या धामधुमीत ती वाचकाच्या नजरेतून निसटून जाते. झाशी १८५४ मध्ये खालसा झाली, त्यानंतरची ती आहे. दत्तक मुलगा दामोदरराव याच्या नावची रक्कम कंपनी सरकारच्या खजिन्यात होती. त्याची मुंज करायची म्हणून राणीने त्यातले एक लाख रुपये मागितले. उत्तर आले, जामीन आणा. झाशीतल्या चार जणांनी हमी घेतली तेव्हा पैसे हाती पडले. मुलगा तिचा, पैसा मुलाचा, आणि जामीनदार चार! राणीला दरमहा पाच हजारांचे पेन्शन ठरले होते. त्यातूनही तिचे दिवंगत पती गंगाधरराव यांचे कर्ज वळते करून घ्यायचे सरकारने काढले.

राणीच्या पाच हजारांची आजच्या झाशीतल्या म्हातारीच्या पेन्शनशी बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एकीचे राज्य गेले होते, दुसरीकडे जाण्यासारखे काही कधी नव्हतेच. पण खिडकीच्या कुठल्या बाजूला कोण उभे आहे आणि सिद्ध करून दाखवायचे ते कोणी, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे.

उत्तर प्रदेशात वृद्धावस्था पेन्शन काही वर्षांपूर्वी ५०० वरून १,००० रुपये झाले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्र त्यात २०० रुपये घालते, आणि हा आकडा जवळजवळ वीस वर्षे हललेला नाही. पात्रतेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ४६,०८० रुपये आणि शहरात ५६,४६० रुपये. आता जरा गुणाकार करून पाहावा. २०२५-२६ मध्ये त्याच राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५२ रुपये होती. त्या दराने एकशे त्र्याऐंशी दिवस काम मिळाले की खेड्यातली मर्यादा ओलांडली. वर्षातला निम्मा काळ हाताला काम असणे म्हणजे सरकारदरबारी गरिबीतून बाहेर पडणे. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढताना खरे उत्पन्न सांगावे की मर्यादेत बसेल ते, हा पेच अर्जदारापुढे येतो आणि लेखपालापुढेही (लेखपाल म्हणजे आपला तलाठी). मर्यादाच अशी आखली की दोघांनाही थोडे खोटे बोलावे लागते. मग लोक खोटे बोलतात म्हणून आणखी एक पडताळणी लावायची.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यावर हसू नये. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत बसायला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि २०२४ मध्ये आलेल्या लाडक्या बहिणीला अडीच लाखांपर्यंत मुभा आहे. दिव्यांग वगळले तर अनुदान दोन्हीकडे दरमहा १,५०० चेच. निराधार ठरण्यापेक्षा लाडके ठरणे बारा पटींनी सोपे, असा याचा अर्थ. ओरछ्याचीही तीच गोष्ट. झाशीहून ते अर्ध्या तासावर, पण मध्य प्रदेशात. तिथल्या बाईला लाडली बहना आहे, झाशीतल्या बाईला तसे काही नाही. गरिबी दोघींची सारखी, राज्ये निराळी.

अर्ज करणे हे काम आहे, आणि त्याची मजुरी कोणी धरत नाही. जनसेवा केंद्रात अर्ज भरायचा, तहसिलीत खेटे घालायचे, आधारवर नाव एक आणि पासबुकात दुसरे निघाले तर ते एक करून आणायचे. प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो, शिवाय टेम्पोचे भाडे. मंजुरी मिळाली म्हणून काम संपत नाही. पेन्शन दरमहा येत नाही, तिमाहीला येते. तोवर किराणा उधारीवर, म्हणजे पैसा येतो तेव्हा तो आधीच दुकानदाराचा झालेला असतो. आधारवरून जमा होणारी रक्कम ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडला त्या खात्यात जाते. मध्ये कुणाच्या सांगण्यावरून आणखी एक खाते उघडले असेल तर म्हातारीने जुने पासबुक घेऊन जुन्याच बँकेत फेऱ्या मारायच्या. पैसा सरकारने दिलेला असतो, तिला मिळालेला नसतो. रेशनला कोटेदाराच्या (म्हणजे रेशन दुकानदाराच्या) यंत्रावर अंगठा. जन्मभर खडी फोडलेल्या हाताच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत, आणि बुंदेलखंडात असे हात पुष्कळ आहेत.

इतकी कडक तपासणी नसेल तर खोटे लाभार्थी घुसतील, असे म्हणतात. घुसतात, हे खरेच. पण चुका दोन प्रकारच्या असतात. अपात्राला मिळणे ही एक, पात्राला न मिळणे ही दुसरी. पहिलीसाठी चौकशी लागते, वसुली निघते, बातमी होते. दुसरीसाठी कुठल्याही कारकुनाला कधी नोटीस गेल्याचे मी ऐकलेले नाही. ज्याचे नाव यादीत आलेच नाही, त्याची फाइलही नसते. मग ज्या चुकीची शिक्षा आहे तीच टाळण्याकडे कचेरी झुकणार, यात कारकुनाच्या दुष्टपणाचा प्रश्न येत नाही.

या वसुलीचे भय किती खोल गेले आहे ते २०२२ च्या मे महिन्यात दिसले. अपात्रांनी रेशनकार्ड परत करावे, नाहीतर आजवरच्या धान्याची वसुली होईल, अशी हूल उत्तर प्रदेशभर उठली आणि लोक कार्डे परत करायला रांगा लावू लागले. असा कुठलाही नवा आदेश नाही, असा खुलासा शेवटी सरकारला करावा लागला. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. कायद्याने धान्य हा हक्क आहे. पण हक्क परत करायला कोणी रांग लावत नाही, रांग लागते ती उसन्या वस्तूसाठी. त्यातून लाभार्थ्यांची संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेली, म्हणजे नव्या नावाला जागा व्हायची तर बहुधा जुने नाव गळायला हवे. शेजारणीचे नाव कापले जाण्याची वाट पाहायला लावणारी ही रचना आहे, आणि तिला आपण कल्याणकारी म्हणतो.

यावर उपाय काही गूढ नाही. सरकारपाशी वय आहे, रेशनकार्ड आहे, बँकखाते आहे. तेव्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारने उचलावे. पात्र नाही असे त्याला वाटत असेल तर ते त्याने दाखवून द्यावे, तोवर पैसे चालू ठेवावेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश मंत्रिमंडळाने या दिशेने एक पाऊल टाकले. कुटुंब ओळखपत्राच्या नोंदींवरून साठीला पोचणारी माणसे सरकारने आपणहून हुडकायची आणि वृद्धावस्था पेन्शनसाठी त्यांची फक्त संमती घ्यायची, असे ठरले. चार जामीनदार मागणाऱ्या कचेरीपासून हे अंतर मोठे आहे, आणि मी ते मनापासून मोजतो. फक्त कुटुंब म्हणजे कोण, हे नोंदीत एक असते आणि घरात दुसरे. मुलगा-सून एका कार्डावर असले तरी म्हातारीची चूल वेगळी असू शकते. संमती विचारणारा संदेश आधी मोबाइलवर येणार. घरातला एकुलता मोबाइल मुलाच्या खिशात असतो, आणि झाशीच्या खेड्यांतले मुलगे वर्षातले कित्येक महिने दिल्लीला, सुरतेला कामावर असतात.