बोलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर

"गाडीला तोंड फुटलं की ती गाडी उरत नाही," हे शेजारच्या काकांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाता जाईना. काका मूळचे भुसावळकडचे. लखनौच्या मानकनगरात, जिथे भारतीय रेल्वेच्या इंजिनांचे आणि डब्यांचे आराखडे तपासले जातात त्या आरडीएसओत, त्यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर आमच्या अलीगंजमध्ये घर केलं. त्यांच्या नातवाला मी 'थॉमस अँड द मॅजिक रेलरोड' हा 2000 सालचा चित्रपट दाखवला, त्यावरून हे बोलणं निघालं. यंत्राला माणसासारखं बोलायला लावणं म्हणजे मुलाला यंत्राविषयी खोटं सांगणं, असं त्यांचं ठाम मत. मला ते पटलं नाही.

मुलांना गाड्या आवडतात, प्राणी बोलतात तशा वस्तूही बोलू शकतात, पंचतंत्रापासून हे चालत आलं आहे, वगैरे सगळं माहीत असलेलं. त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते एका फरकाबद्दल. बोलणाऱ्या यंत्रांचे दोन प्रकार असतात. एकात यंत्राचा जो मुळातला स्वभाव आहे त्याला वाचा मिळते. दुसऱ्यात माणूसच असतो, त्याला चाकं लावलेली असतात. पहिला प्रकार मुलाला यंत्राच्या जवळ नेतो, दुसरा यंत्रापासून दूर. काका दोन्ही एकाच मापाने मोजतात.

थॉमस या बोलक्या इंजिनाची निर्मिती कुठून झाली ते पाहा. विल्बर्ट ऑड्री या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाचं बालपण बॉक्स या गावी रेल्वेमार्गालगत गेलं. तिथे चढण होती. जड मालगाडीला मागून रेटायला जादा इंजिन लागे, ज्याला आपल्याकडेही बँकर म्हणतात. रात्री अंथरुणात पडून तो पोरगा पुढच्या आणि मागच्या इंजिनांचे धापा टाकणारे आवाज ऐके आणि ती एकमेकांशी काय बोलत असतील ते त्याला ऐकू येई. पुढे स्वतःच्या मुलाला गोवर आला तेव्हा त्याने त्या इंजिनांच्या गोष्टी सांगितल्या आणि 1945 मध्ये पहिलं पुस्तक आलं. म्हणजे बोलणं बाहेरून चिकटवलेलं नव्हतं. ते वाफेतून, चढणीतून, ओझ्यातून आलं होतं. 1951च्या पुस्तकातलं हेन्री नावाचं इंजिन सतत आजारी असतं. का? तर त्याची भट्टी लहान आहे आणि साध्या कोळशावर तिच्यात पुरेशी वाफ होत नाही. त्याला वेल्समधला चांगला कोळसा मिळतो आणि तो धावू लागतो. आजार, निराशा, उभारी सगळं आहे आणि त्यातलं एकही यंत्राबाहेरचं नाही. ऑड्री याबाबत इतका काटेकोर की, या गोष्टींवरच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात इंजिन मुख्य मार्गावर मध्येच थांबून रान पाहत बसलं तेव्हा तो रागावला. रुळावर गाडी अशी उभी करणं नियमाविरुद्ध आहे, हे त्याचं म्हणणं.

काकांच्या 'तोंड फुटण्या'च्या मुद्द्यालाही इथेच उत्तर आहे. 1984 साली सुरू झालेल्या मालिकेत खरी छोटी मॉडेल्स रुळांवर चालवली जात. त्यांचे चेहरे हलत नसत. वेगवेगळ्या भावांचे मुखवटे बदलले जात, डोळे फिरत, बस. ओठ बंदच. बोलणं निवेदकाच्या आवाजात असे आणि अभिनय चाकांचा, दांड्यांचा, वाफेचा असे. ओठ हलू लागले ते पुढे, 2009 मध्ये सगळं संगणकावर बनू लागल्यावर. काकांचा आक्षेप त्या नंतरच्या थॉमसला लागू पडतो, आधीच्या नाही.

इथे थोडं आडवळण घेते, कारण हा विषय निघाला की मला आपल्याकडची इंजिनं आठवतात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी निघाली तिला तीन इंजिनं होती आणि तिघांनाही नावं होती: साहिब, सिंध, सुलतान. पण ही साहेबाने दिलेली नावं. मला जास्त प्रिय आहे ते कामगारांनी दिलेलं एक नाव. 1920च्या दशकाच्या अखेरीस घाटातल्या मालगाड्यांसाठी विजेवर चालणारी इंजिनं आली. लांब नाकाडाची, चाकांना दांड्या असलेली. जगभर तशा इंजिनांना 'मगर' म्हणत. आपल्या लोकांनी त्याला म्हटलं 'खेकडा'. उभं असताना ते विचित्र कण्हायचं आणि चालताना दांड्यांचा सपसप आवाज करायचं. कुणीही त्याच्यावर चेहरा रंगवला नव्हता. रात्रपाळीत त्याच्या शेजारी बसलेल्या माणसांना त्याचा स्वभाव कळला, इतकंच. 1930 साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस पुण्याला 1 जूनला केक कापून साजरा होतो, तोही लोभापोटीच. पण खेकड्यामागे लोभापेक्षा अधिक काही आहे. तिथे कान आहे.

आता तो चित्रपट. काकांशी वाद घालायला म्हणून मी तो पुन्हा बारकाईने पाहिला आणि माझी अडचण झाली. त्यात सगळं सोनेरी जादूच्या भुकटीवर चालतं. दोन जगांमध्ये जादूचा मार्ग आहे. डिझेल 10 नावाचा खलनायक डोक्यावरचा लोखंडी पंजा परजत फिरतो. डिझेल वाईट का, तर वाईट म्हणून. त्याच्या इंजिनात काही बिघडलंय, असंही नाही. भुकटी संपली की संकट, भुकटी मिळाली की सुटका. चढ नाही, सिग्नल नाही, वजन नाही. माझ्याच मोजपट्टीने हा दुसरा प्रकार होता.

एक जागा मात्र मला थांबवून गेली. एका म्हाताऱ्याने डोंगराच्या पोटात 'लेडी' नावाचं इंजिन लपवून ठेवलंय. त्याने ते पूर्ण दुरुस्त केलंय, पण त्यात वाफच होत नाही. मग कळतं की तिला थॉमसच्या सोडोर बेटावरचा कोळसा हवा. हा हेन्रीचाच कोळसा. संबंध चित्रपटात मला खरा वाटला तो एवढाच भाग. आणि तो खरा का वाटला याचा विचार करताना माझं स्वतःचं म्हणणं हललं. इंजिनाच्या स्वभावामुळे तो खरा वाटला हे आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे भट्टीसमोर एक माणूस उभा आहे, ज्याला काय कमी पडतंय ते शोधायचंय.

मी आतापर्यंत यंत्राच्या स्वभावाचं बोलत होते. पण स्वभाव कळतो कुणाला? ऑड्रीच्या गोष्टींमध्ये इंजिनं बोलतात, रुसतात, तरीही त्यांना ड्रायव्हर आणि फायरमन असतात. ड्रायव्हरविना थॉमस निघाला तर अपघातच होतो. 2008 साली आलेल्या 'चगिंग्टन' मालिकेत ड्रायव्हरच नाहीत. गाड्या स्वतःच हसतात आणि स्वतःच पळतात. मुलाला त्यात काही चुकल्यासारखंही वाटत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. 'द ग्रेट रेस' या 2016च्या चित्रपटात निलगिरीच्या इंजिनावरून घेतलेली आशिमा येते, फार देखणी. पण निलगिरीचं खरं आश्चर्य म्हणजे तिथे रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे, तिच्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकवून गाडी कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढते आणि डब्याडब्यावर ब्रेक सांभाळायला माणूस लागतो. आशिमा शंटिंगच्या स्पर्धेत उतरते. माणसं गेली, चेहरा राहिला.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुम्ही माझंच म्हणताय." नाही. त्यांना गाडी मुकी हवी आहे. पण खरी गाडी मुकी नसतेच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रुळाकडेच्या 'सी/फा' पाटीपाशी ती फाटकासाठी लांब शिट्टी देते. साखळी ओढली गेली की दोन छोट्या आणि एक लांब. तीन छोट्या म्हणजे गार्डने ब्रेक लावावा. आणि इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात डालीगंजच्या बाजूला सिग्नल दिसेनासा होतो तेव्हा माणूस जाऊन रुळावर पटाखे बांधून येतो. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळतं, पुढे सिग्नल आहे. रूळ बोलतो आणि ड्रायव्हर ऐकतो. बोलणाऱ्या गाडीची गोष्ट मुलांना सांगायची तर ही संपूर्ण बोलाचाली सांगायला हवी. मी चेहऱ्याच्या बाजूने वाद घालायला बसले होते. आता माझं मत असं की चेहरा असो वा नसो, पण केबिनमध्ये ऐकणारा कुणी नसेल तर ती गोष्ट मुलांपुढे ठेवू नये. यंत्र आपलं आपण चालतं, हे काकांना ज्याची भीती वाटते त्यापेक्षा मोठं खोटं आहे.

तशा गोष्टीसाठी आपल्याला सोडोरच्या बेटावर जायला नको. बोरघाटातली रेल्वे 1863 पासून आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात आणि 37 फुटांना एक फूट अशा चढणीवर तिला लोणावळ्यापर्यंत रेटत नेतात. बॉक्सच्या त्या मुलाने ऐकलेला संवाद पळसदरीच्या मुलांनाही रोज ऐकू येतो. उतरताना तर प्रसंग आणखी थरारक आहे. घाटात कॅच सायडिंग असतात. सांधा मुद्दामच मुख्य मार्गाकडे नाही, तर चढावर नेऊन अडकवणाऱ्या त्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडीने आधी थांबायचं, आपले ब्रेक आपल्या ताब्यात आहेत हे दाखवून द्यायचं, मगच सांधा फिरतो आणि मुख्य मार्ग खुला होतो. ज्या गाडीला थांबता येत नाही तिला घाट पुढे जाऊ देत नाही. खेकडा बोलत असेल तर नेमका इथेच बोलेल, ड्रायव्हरचा हात ब्रेकवर असताना. असा चित्रपट कुणीतरी मराठीत काढावा. काकांनी तांत्रिक बाजू तपासून द्यायचं कबूल केलंय, इंजिनाला संवाद असले तरी चालतील, असंही म्हणाले.